आधी साचा, मग मासा

मऊ प्लास्टिकचा लुअर, म्हणजे माशाला फसवणारं नकली आमिष, घरी ओतायचं मनात आलं की बहुतेक जण खरेदीला लागतात. रंगांच्या बाटल्या येतात, चमकीच्या पुड्या येतात, परदेशातून ॲल्युमिनियमचा साचाही मागवला जातो. मग पहिला लुअर साच्यातून निघतो तो अर्ध्या शेपटीचा आणि पोटात हवेचे फुगे घेऊन. दोष प्लास्टिकच्या माथी जातो. खरं तर प्लास्टिक क्वचितच दगा देतं. चूक नमुन्यात असते, साच्यात असते किंवा ओतणाऱ्या हातात असते. या तिन्ही गोष्टी पिढ्यानपिढ्या सांभाळणारी माणसं तामिळनाडूत कुंभकोणमच्या आसपास आजही काम करताना दिसतात. ती मासे पकडण्याचं सामान करत नाहीत, देव आणि दिवे ओततात. तरीही लुअर करायला शिकणाऱ्याने पहिले पैसे चमकीवर घालण्याऐवजी कुंभकोणमच्या तिकिटावर घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

कुंभकोणमच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कावेरीकाठी स्वामिमलै आहे. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. गावातली मूर्ती ओतणारी स्थपती घराणी सांगतात, की त्यांचे पूर्वज तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या कामावर होते. ते मंदिर १०१० साली पुरं झालं. हा सगळा मुलूख पुढे व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. अलीकडची आठवण सांगायची तर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभी राहिलेली सुमारे २७ फुटी, १८ टन वजनाची अष्टधातूची नटराजमूर्ती स्वामिमलैच्या राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या भावांनी घडवली. तीही मेणाचा नमुना वितळवून काढण्याच्या जुन्याच पद्धतीने.

ही पद्धत नीट बघितली पाहिजे, कारण लुअर करणाऱ्याचे जवळजवळ सगळे प्रश्न तिच्यात आधीच सोडवलेले आहेत. मूर्तीची मापं नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालून काढतात. त्या मापाने मेणाची मूर्ती घडते. हात, पाय, मुकुट, प्रभावळ असे भाग वेगळे करून तापलेल्या लोखंडी हत्याराने सांधतात. हे मेण नुसतं मेण नसतं. त्यात राळ आणि शेंगदाण्याचं तेल घातलेलं असतं. राळेने मेणाला ताठपणा येतो, तेलाने लवचीकपणा. उन्हाळ्यात मेण ढिलं पडतं, थंडीत तडकतं, म्हणून कारागीर ऋतू बघून मिश्रण कमीजास्त करतो.

आता मऊ लुअरचं द्रव्य बघा. त्याला प्लास्टिसॉल म्हणतात. पीव्हीसीची अतिशय बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळलेली असते आणि तो द्रव पीव्हीसीला मऊ ठेवतो. थंड असताना हे मिश्रण दुधासारखं पांढरं दिसतं. तापवलं की आधी गुठळ्या होतात, घट्ट होतं, आणि साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम पारदर्शक होऊन वाहू लागतं. ओतावं ते याच वेळी. मऊ करणारा द्रव थोडा जास्त घातला तर संथ पाण्यातही शेपटी वळवळते, पण लुअर दोन-तीन चाव्यांत फाटतो. कमी घातला तर टिकतो, पण पाण्यात काठीसारखा जातो. स्थपती राळ आणि तेल यांत जो तोल साधतो तोच इथे साधायचा आहे. तोंडी प्रमाण विचारून तो साधत नाही. थोडं थोडं मिश्रण करून, थंड झाल्यावर बोटांत ताणून, प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवलं तरच साधतो.

या द्रव्याचा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन या टायरच्या शहरातला. तिथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये कडक, ठिसूळ पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली. त्याच ॲक्रनमध्ये निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात शेगडीवर प्लास्टिक शिजवून गांडुळाच्या आकाराचा लुअर ओतला. क्रीम हा यंत्रावर काम करणारा कारागीर होता, त्यामुळे साच्याचं महत्त्व त्याला कोणी शिकवायला नको होतं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या रबरी गांडुळांचा वंश त्या शेगडीपर्यंत जातो. स्वयंपाकघराचा भाग मात्र कोणी गिरवू नये. ते का, हे पुढे येईलच.

पुन्हा स्वामिमलैला येऊ. मेणाच्या मूर्तीवर मातीचे थर चढतात. पहिला थर कावेरीच्या अगदी बारीक गाळाचा. त्यात जाळलेलं भाताचं तूस दळून घातलेलं असतं. मूर्तीच्या पापणीची रेघ आणि दागिन्याचा मणी धातूत उतरतो तो या थरामुळे. वरचे थर क्रमाने जाड आणि रेताड होत जातात. वितळलेल्या धातूचा दाब पेलणं हे त्यांचं काम. मोठ्या साच्यांना लोखंडी तारांनी आवळतात. हे सगळं सावलीत वाळतं, कारण उन्हात घाईने वाळलेली माती तडकते. मग गोवऱ्यांच्या आचेवर साचा तापतो, मेण वाहून जातं आणि आत पोकळी उरते. साचा गरम असतानाच खड्ड्यात रोवून हजार अंशांच्या वर तापलेला धातू बारीक, न तुटणाऱ्या धारेने ओततात. हवा निघून जायला वाटा ठेवलेल्या असतात.

नवख्या लुअरकाराने यातली प्रत्येक गोष्ट स्वतःच्या कामाला लावून बघावी. शेपटी अर्धी का निघते? साचा गार असतो, म्हणून पातळ भागात पोचण्याआधीच प्लास्टिक थिजतं. पहिल्या एक-दोन ओतण्यांनी साचा तापवून घ्यावा आणि ते लुअर परत भांड्यात टाकावेत. फुगे का येतात? धार तुटते आणि हवेला वाट मिळत नाही. उघड्या साच्यात शेपटीच्या बारीक टोकापासून सुरुवात करून डोक्याकडे यावं आणि शेवटी काठोकाठापेक्षा किंचित जास्त भरावं, कारण थंड होताना प्लास्टिक आकसतं आणि मधे खड्डा पडतो. पृष्ठभाग खरबरीत का? साच्याचा आतला थर बारीक नाही. आणि ओलावा ही सर्वांत धोक्याची गोष्ट. साच्यात किंवा भांड्यात पाण्याचा एक थेंब राहिला तर तापलेलं प्लास्टिक उसळून अंगावर येतं आणि कातडीला चिकटून भाजत राहतं. धातूच्या ओतशाळेतही ओला साचा हीच सर्वांत मोठी भीती असते.

स्वामिमलैचा साचा एकदाच वापरता येतो. मूर्ती बाहेर काढायला तो फोडावाच लागतो, म्हणून इथली कोणतीही मूर्ती दुसरीची हुबेहूब नक्कल नसते. लुअरचं तसं नाही, आपल्याला एकासारखे एक वीस हवे असतात. त्यासाठी कुंभकोणमच्या आग्नेयेला नाचियारकोविल गाठावं. तिथले पितळी समईसारखे उंच दिवे, ज्यांना तमिळमध्ये कुत्तुविळक्कु म्हणतात, रेतीच्या साच्यात ओततात. बैठक, दांडा, तेलाचं ताट आणि वरचा हंस असे भाग वेगळे ओतून, कातून मग जोडतात. इथे नमुना टिकाऊ असतो. दोन चौकटींत कावेरीकाठची बारीक रेती ठोकून त्यात नमुन्याचा ठसा घेतात, चौकटी उघडून नमुना काढून घेतात, पुन्हा जोडतात आणि ओततात. नमुना रेती न मोडता बाहेर यायला हवा, म्हणून त्याच्या आकारात कुठेही आत वळलेली अडकण चालत नाही.

नवखे हमखास फसतात ते इथेच. हौसेने खवले-कल्ले असलेला मासा किंवा वळलेल्या पायांचा बेडूक कोरतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये दाबतात. प्लास्टर घट्ट झाल्यावर नमुना निघत नाही, निघाला तर साचा फुटतो. ओतलेला लुअर मऊ असतो, ताणून निघतो, पण कडक नमुना ताणला जात नाही. पोकळ बेडकाला तर आत गाभा धरणारा दोन भागांचा साचा लागतो, ते पुढचं काम. सुरुवात एका बाजूने सपाट असलेल्या साध्या आकाराने करावी, गांडूळ किंवा छोट्या वल्ह्यासारख्या शेपटीचा मासा. नमुना लाकडाचा किंवा भाजून कडक होणाऱ्या मातीचा चालतो. सपाट बाजू डब्याच्या तळाला चिकटवायची, वरून हलकंसं तेल लावायचं, प्लास्टर ओतायचं. तासाभराने नमुना काढला तरी साचा तयार झाला असं समजू नये. प्लास्टरच्या पोटात पाणी असतं, ते जायला कित्येक दिवस लागतात, आणि इथे घाई करू नये. पुरता वाळल्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हात सुकू द्यावा. याने छिद्रं बुजतात आणि लुअरला चकाकी येते. स्वामिमलैच्या पहिल्या बारीक थराचं काम इथे हा डिंक करतो.

प्लास्टिसॉल विकत घेताना लुअरसाठीच केलेलं घ्यावं. तिरुपूरला टी-शर्टवर छपाईसाठी प्लास्टिसॉलची शाई वापरतात, नाव ऐकून ती कोणी आणू नये. मऊ करणाऱ्या द्रवात थॅलेट गटातली रसायनं नसलेला माल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यावेत. पहिल्या वेळी शंभर मिलिलिटर पुष्कळ झालं. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या मापात घेऊन जुन्या मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवायचं, दर वेळी बाहेर काढून हलक्या हाताने ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा मिसळते. रंगाचे दोन-चार थेंब पुरतात. वजन हवं असेल तर बारीक दळलेलं मीठ घालतात, चमकी अगदी शेवटी. थर्मामीटर नसेल तर काम सुरूच करू नये. दोनशे अंशांच्या पुढे प्लास्टिक पिवळं पडून करपतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना इजा करतो. म्हणून हे काम गच्चीवर किंवा अंगणात करावं, आम्ल वायू आणि रासायनिक वाफा अडवणारा मास्क लावून, जाड हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालून. मास्क म्हणजे करोनाच्या वेळचा कापडी नव्हे. ज्या भांड्यात, ज्या मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक तापलं, त्यात पुन्हा कधीही अन्न शिरता कामा नये. घरात लहान मुलं असतील तर ती दुसरीकडे गेलेली असतानाच ओतावं.

निघालेले लुअर सपाट जागी सरळ ठेवून थंड होऊ द्यावेत. वाकलेली शेपटी गरम पाण्यात बुडवली की सरळ होते. मऊ लुअर कडक प्लास्टिकच्या साध्या डब्यात ठेवले तर काही दिवसांनी डबाच विरघळू लागतो, आणि गडद रंगाचा लुअर शेजारच्याला रंगवतो. रंगवार वेगळ्या पिशव्या कराव्यात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं करायचं, तो मासा. कावेरीच्या खोऱ्यातल्या कालव्यांत, तळ्यांत, भातखाचरांच्या कडेला जो मासा दबा धरून बसतो त्याला तमिळमध्ये विराल म्हणतात. तोच आपला मरळ. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहतो, वर येऊन हवा घेतो, बेडूक आणि छोटे मासे खातो. महाराष्ट्रातल्या तलावांवर आणि धरणांच्या फुगवट्यावर गरी टाकणारे याच्यामागे असतात. जुन्या रीतीत गळाला जिवंत बेडूक टोचतात. रबरी लुअरची सर्वांत चांगली बाजू मला इथे दिसते, तेवढे बेडूक वाचतात. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये थांबवली, कारण बेडूक कमी झाले की शेतात किडे वाढतात. गळाला टोचलेला बेडूकही शेतातूनच गेलेला असतो.

मरळाची आणखी एक गोष्ट लुअरवाल्याने जाणून असावी. नर-मादी दोघंही पिलांची राखण करतात. पिलांचा नारिंगी-लाल घोळका पृष्ठभागावर दिसला की खाली आईबाप असतातच, आणि घोळक्यातून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते भुकेने नव्हे तर रागाने तुटून पडतात. तिथे लुअर टाकला तर मासा नक्की लागतो. म्हणूनच तिथे टाकू नये. आईबाप उचलले की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच तलावांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा जाण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.

मऊ लुअर फाटतातच, आणि फाटलेला तुकडा काठावर टाकून द्यायची वाईट सवय सगळीकडे आहे. हे प्लास्टिक पाण्यात कुजत नाही आणि माशाने गिळलं तर त्याच्या पोटात तसंच राहू शकतं. फाटके तुकडे वितळवून पुन्हा ओतता येतात. रंग थोडा गडद होतो एवढंच, मासा त्याला नावं ठेवत नाही. पाण्यावर जाताना एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा, आपले आणि दुसऱ्यांनी टाकलेले तुकडे त्यात गोळा करा, आणि पुढचा घाणा त्यांचाच काढा.