नऊ फळ्यांचे दुकान

प्रवासात गाडी पंक्चर झाली की आपण किती वैतागतो, नाही का? आमचेही तसेच झाले. पांढरकवड्याहून यवतमाळला जाताना घाटंजीत चाक बसले. "तासभर लागेल," पंक्चरवाला म्हणाला. माझी सातवीतली भाची मात्र खूश! "मामा, तोवर फोटो काढू या ना!" माझा मोबाइल घेऊन ती जुन्या बाजारात शिरलीसुद्धा.

घाटंजी हे वाघाडी नदीकाठचे तालुक्याचे गाव. सगळा मुलूख कापसाचा. शेतकरी कापूस आणतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधतात. एक गाठ साधारण १७० किलोंची! या 'पांढऱ्या सोन्या'वरच इथल्या बाजारपेठा वाढल्या.

नव्या शटरांच्या मधोमध एक जुने कौलारू दुकान उभे होते. दार उभ्या फळ्यांचे. भाचीने पटापट फोटो काढले. तेवढ्यात आतून आवाज आला, "काय करून राहिली वो बाई? इचारलं का कोणाले?"

भाची वरमली. "चुकलं आजोबा. काढू का फोटो?"

आजोबा हसले. "काढ. दिवाळीनंतर पाडतेत हे. पोरगा पक्कं बांधणार हाय."

मग त्यांनीच सगळे दाखवले. ओटा एवढा उंच का? कापसाची बंडी मागे लावली की पोते सरळ ओट्यावर! प्रत्येक फळीवर खडूने नाही, तर छिन्नीने आकडा कोरलेला, १ ते ९. क्रम चुकला तर दार लागतच नाही. सात नंबरची फळी तेवढी नवी होती. "जुनी वाळवीनं खाल्ली," आजोबा म्हणाले. भाचीने नऊही फळ्यांचे क्रमाने फोटो काढले. शेवटचा आजोबांचा, ओट्यावर बसलेला.

मुलांनो, मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' आठवते? कापसासाठीच घातलेली ती छोटी रेल्वे. तिचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. आज धूर सोडत धावणारी शकुंतला आपल्याला दिसते ती फोटोतच. कुणीतरी वेळेवर कॅमेरा उचलला म्हणून!

तुमच्याही गावात असे एखादे दुकान, वाडा किंवा विहीर असेलच. फोटो काढा, पण आधी विचारा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लाकडावरचे कोरीव आकडेही स्पष्ट येतात. आधी संपूर्ण इमारत घ्या, मग कडी, कोयंडा, खुंटी. आणि तारीख, जागा नि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवा. नाहीतर सात नंबरची फळी नवी का, हे पुढे कोण सांगणार?

निघताना आजोबा म्हणाले, "मोबाइलातला नको. कागदावरचा धाड."

दहाही फोटो छापून भाचीने पोस्टाने पाठवले. प्रत्येकाच्या मागे आकडा घातलाय. क्रम चुकायला नको ना!