नळ कोरडा पडण्याआधी

अहिल्यानगर शहराला मुळा धरणाचे पाणी पंपांनी उपसून मिळते. वीज गेली की उपसा थांबतो. रिकाम्या जलवाहिनीत दाब नसतो. गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर पहिले पाणी सोडून द्यावे, पुढचे उकळून प्यावे. नाहीतर जुलाब, कावीळ ठरलेली.

खेड्यातही हाच धोका. म्हणून आपण ग्रामसभेत आधीच विचारू : वीज गेली तर दुसरा उद्भव कोणता? टीसीएल पावडर किती शिल्लक, किती जुनी? टँकर आपल्या वस्तीत कधी येणार? क्लोरीनची ओटी चाचणी शेवटच्या नळावर करायला लावू. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. तो शेवटचा नळ बहुधा आपल्याच वस्तीत असतो. उत्तरे ठरावात लिहून घेऊ.