घरच्या दप्तराची विश्वासू नक्कल

वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे भांडीं, कपाटें व दागिने यांची वांटणी मोठ्या दक्षतेनें होते. परंतु माळ्यावरील पेटींतल्या कागदांचा वांटा कोणीच मागत नाहीं. पंचवटी व जुनें नाशिक येथील वाडे एकामागून एक उतरत आहेत, आणि त्यांतून निघणारीं मोडी पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका व गाण्याच्या तबकड्यांचीं वेष्टनें रद्दीच्या तराजूंत जात आहेत. जें उरतें त्यास गोदावरीचें भय. २००८, २०१६ व २०१९ सालीं दुतोंड्या मारुतीस वेढून पाणी बाजारपेठेंत कसें शिरलें, हें नाशिककरांस सांगावयास नको.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं असलेच कागद गांवोगांव हिंडून मिळविले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडशः प्रसिद्ध केलीं. त्या काळीं नक्कल म्हणजे बोरू, शाई आणि पाठीचा कणा यांचें काम होतें. आज तेंच काम मेजावरचा चपटा स्कॅनर कांहीं क्षणांत करतो. मात्र धर्म तोच. जुना लेखक पोथीच्या अखेरीस नमूद करी कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें. आमच्या मतें घरच्या नकलेची कसोटीही हीच: ती सुंदर नसली तरी चालेल, पण विश्वासू असावी.

प्रथम कागदाची निगा. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. घडी बळानें उलगडूं नये. दोन कोऱ्या कागदांमध्यें ठेवून वर हलकें वजन ठेवावें. फाटक्या कडेस चिकटपट्टी कदापि लावूं नये; तिचा गोंद कालांतरानें पिवळा पडून अक्षरांत उतरतो. स्कॅनरची कांच कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी.

यानंतर यंत्राची मांडणी. काळ्या शाईचा कागद असला तरी प्रत रंगीत घ्यावी, कारण डाग कोणता, शिक्का कोणता आणि मागाहून दुसऱ्या शाईनें केलेली दुरुस्ती कोणती, हें रंगावरूनच कळतें. साध्या कागदास इंचास ३०० ठिपके पुरे. बारीक मोडी अक्षरास ६०० ठेवावे. उजळपणा आपोआप वाढविणारी सोय बंद करावी; ती कागद गोरा करतांना फिकट अक्षरें पुसून टाकते. पातळ कागदाच्या पाठीची शाई आरपार दिसत असल्यास मागें काळा कागद ठेवावा. ज्या वह्या सपाट उघडत नाहींत, त्यांस कांचेवर दाबूं नये. त्यांचें छायाचित्र मोबाइल पानास समांतर धरून, दोन्ही बाजूंनीं तिरपा उजेड देऊन घ्यावें.

तबकड्यांच्या वेष्टनांचा प्रकार निराळा आहे. मोठ्या तबकडीचें वेष्टन सुमारें ३१ सेंटिमीटर चौरस असतें आणि घरगुती स्कॅनरची कांच बहुधा २१ बाय ३० सेंटिमीटरची. म्हणून तें भागाभागांनीं घ्यावें लागतें. प्रत्येक भागांत शेजारच्या भागाचा तीन-चार बोटें अंश यावा, आणि सर्व भागांस मांडणी एकच ठेवावी. नाहींतर जोडतांना रंग जुळत नाहींत. छापील चित्र ठिपक्यांचें असल्यानें प्रतींत कापडासारखी जाळी उठते. त्यासाठीं यंत्रांतील 'डीस्क्रीन' सोय वापरावी, किंवा ६०० ठिपक्यांनीं प्रत घेऊन मग ती निम्मी करावी.

गाणें दुसरीकडे ऐकावयास मिळत असतां वेष्टनाचा एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. नाशिकांत १९२१ सालीं जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यांचा स्वर आपणांस ध्वनिमुद्रणांतूनच भेटतो. अशा ध्वनिमुद्रणांत साथ कोणाची, राग कोणता, हें पुष्कळदां वेष्टनाच्या पाठीवरच छापलेलें असतें. म्हणून पाठीची प्रतही अवश्य घ्यावी.

मूळ प्रत 'टिफ' स्वरूपांत ठेवावी आणि नातलगांस धाडावयास लहान 'जेपेग' काढावी. ३०० ठिपक्यांचें एक रंगीत पान 'टिफ'मध्यें सुमारें २६ मेगाबाइट जागा घेतें, ६०० चें त्याच्या चौपट. तेवढी तजवीज आधींच असावी. संचिकेच्या नांवांत साल, कागदाचा प्रकार व पृष्ठांक घालावा. संच तीन ठेवावे, त्यांतील एक परगांवच्या भावाकडे; एका पुरांत तिन्ही बुडूं नयेत. नक्कल झाली म्हणून अस्सल कागद टाकूं नये. तो सुती फडक्यांत बांधून उंच, कोरड्या जागीं ठेवावा.

शेवटीं एक गोष्ट जी कोणतेंही यंत्र करीत नाहीं. हें अक्षर कोणाचें, पत्रांतली 'ताई' कोण, छायाचित्रांत उजवीकडे उभा मुलगा कोण, हें घरांतील वडील मंडळींसच ठाऊक असतें. नातवंडांनीं सुटींत आजीजवळ बसून एकेका प्रतीचीं नांवें विचारून टिपून घ्यावीं. कागद आणखी पन्नास वर्षें टिकेल. आजीची आठवण तितकी थांबणार नाहीं.