आवाजाशेजारची चिठ्ठी

आपल्याकडे व्हॉइसमेल कधी फारसा रुजला नाही. मिस्ड कॉल देऊन काम भागत असताना यंत्रापुढे एकट्याने बोलायचं कशाला, हा आपला रोकडा हिशेब. तरी मोठी हॉटेलं, इस्पितळं, कॉल सेंटर यांच्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे अंतर्गत टेलिफोन यंत्रणेत, निरोपाची पेटी असतेच, आणि अमेरिकेतल्या क्लायंटशी रोज बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्याला तर 'बीपनंतर निरोप ठेवा' हे वाक्य पाठ असतं.

ही पेटी उघडायची रूढ रीत म्हणजे फोन लावा, पिन दाबा आणि सूचना ऐकत बसा. नवे निरोप ऐकायला एक दाबा, पुसायला सात, जपून ठेवायला नऊ. पेटीत सतरा निरोप असले आणि हवा तो सोळावा असला, की मागचे पंधरा एकेक करून ओलांडायचे. छापील पान चाळता येतं. आवाज चाळता येत नाही, तो जेवढा लांब तेवढा वेळ घेतोच. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ साली व्हॉइसमेलच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८३ साली ते त्यांना मिळालं. तेव्हापासून बटणं दाबत पेटी ऐकण्याचा हा प्रकार मुळात बदललेला नाही.

पण हाच निरोप फोनवरून न बघता सर्व्हरवर जाऊन पाहिला, तर चित्र पार वेगळं दिसतं. तिथे तो निव्वळ फाइल असतो. खरं तर एक नव्हे, दोन फायली, आणि त्यातली धाकटी जास्त कामाची.

अ‍ॅस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ, कारण जगभरच्या कितीतरी कार्यालयांतले फोन त्यावर चालतात आणि त्याचा कारभार उघड्यावर मांडलेला असतो. १९९९ साली अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात शिकत असताना मार्क स्पेन्सर याने लिनक्सबद्दल मदत पुरवणारी छोटी कंपनी काढली. ग्राहकांचे फोन घ्यायला टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं, ते परवडत नव्हतं, म्हणून त्याने ते साध्या संगणकावर चालेल असं स्वतःच लिहून काढलं. त्यातल्या व्हॉइसमेलच्या भागाला त्याने 'कॉमेडियन मेल' असं नाव ठेवलं. आजही जशीच्या तशी बसवलेली यंत्रणा पेटी उघडताना हेच नाव गंभीरपणे उच्चारते आणि नवखा माणूस चपापतो.

समजा, २०४ ही एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट डेस्कची पेटी आहे. सर्व्हरवर व्हॉइसमेलच्या फोल्डरात २०४ नावाचं फोल्डर, त्याच्या आत इनबॉक्स, ओल्ड, वर्क, फॅमिली, फ्रेंड्स अशी पोटफोल्डरं. इनबॉक्समध्ये पहिल्या निरोपाचं नाव 'एमएसजी' आणि पुढे ००००. त्यानंतर ०००१, ०००२ असा ओळीने क्रम. प्रत्येक क्रमांकाच्या दोन फायली: एक डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज, दुसरी टीएक्सटी, म्हणजे त्या आवाजाला जोडलेली चिठ्ठी.

चिठ्ठी जेमतेम डझनभर ओळींची. कॉल मुळात कोणत्या पेटीसाठी होता, कोणत्या नंबरावरून आला, कोणत्या लाइनीने आत शिरला, केव्हा आला, किती सेकंदांचा आहे. वेळ दोनदा लिहिलेली असते. एकदा माणसाला वाचता येईल अशी, आणि एकदा १७०००२५२०० अशा लांबलचक आकड्यात. हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या घड्याळाने, उलटलेले सेकंद. कमांड लाइनवर, म्हणजे टर्मिनल नावाच्या, टाइप करून आज्ञा द्यायच्या पडद्यावर, 'डेट' या कमांडला तो दिला की ती उत्तर देते: १५ नोव्हेंबर २०२३, बुधवार, सकाळचे ५ वाजून १३ मिनिटं २० सेकंद. इतक्या पहाटे दवाखान्यात फोन कोण करेल? कुणीच नाही. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं आहे; साडेपाच तास मिळवले की भारतातले १० वाजून ४३ मिनिटं होतात. 'आम्ही सकाळीच निरोप ठेवला होता', 'तुमचा निरोप आलाच नाही' ही भांडणं उकरून पाहिली तर पुष्कळदा तळाशी हे साडेपाच तास सापडतात.

आवाजाच्या फायलीची मोजदाद तर बोटांवर होते. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो. साध्या डब्ल्यूएव्हीमध्ये प्रत्येक मापाला दोन बाइट लागतात, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. सुरुवातीला ४४ बाइटचं मथळ्यासारखं टिपण. आता फायलींच्या यादीत ६,७२,०४४ बाइटची फाइल दिसली, तर ४४ वजा करून १६,००० ने भागा: बरोबर ४२ सेकंद. कानाला काही न लावता निरोपाची लांबी कळली. चिठ्ठीतल्या आकड्याशी थोडाफार फरक चालतो, पण चिठ्ठी ४२ म्हणते आणि फाइल शून्य बाइटची आहे असं दिसलं तर समजायचं, बहुधा डिस्क भरली होती आणि रुग्णाचं बोलणं हवेत गेलं. ४२ सेकंदांचा निरोप जुन्या जीएसएम मोबाइलच्या पद्धतीने आवळून साठवला तर तो सुमारे ६८,००० बाइटमध्ये मावतो, जवळपास दहापट कमी. आवळताना आवाज थोडा डबक्यातून आल्यासारखा होतो, पण शब्द कळतात, आणि डिस्क महाग होती त्या काळात एवढं पुरे होतं.

कमांड लाइनची खरी गंमत इथून पुढे. अ‍ॅस्टरिस्कला बाहेरूनच 'व्हॉइसमेल शो यूजर्स' अशी आज्ञा दिली की सगळ्या पेट्यांचा तक्ता येतो: पेटी, मालक, नवे निरोप. कुणाच्या पेटीत चाळीस निरोप न ऐकता कुजत पडले आहेत ते एका नजरेत दिसतं. फोनच्या बटणांवर हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण बटणांच्या यादीत तो कुणी घातलेलाच नाही. यादीत नसलेले प्रश्न विचारायला टर्मिनल लागतं. दवाखान्याला हवं आहे, गेल्या महिन्यात सर्वाधिक निरोप कोणत्या नंबरावरून आले? 'ग्रेप' सगळ्या चिठ्ठ्यांतून कॉलरची ओळ उपटते, 'सॉर्ट' सारखे नंबर शेजारी आणते, 'युनीक' त्यांची गणती करते, पुन्हा 'सॉर्ट' मोठा आकडा वर चढवते. मधे उभ्या रेघा टाकून चारही कमांड एका ओळीत बसतात. निरोप कोणत्या तासाला जास्त येतात? आकड्यातली वेळ तासात बदलायची आणि पुन्हा तीच गणती. उत्तर आलं की दहा ते अकरा डेस्कवर एक माणूस जास्त बसवायचा की नाही, हे वाद न घालता ठरतं. मात्र इथे साडेपाच तास मिळवायला विसरलात, तर तो जादा माणूस पहाटे पाचला येऊन बसेल.

या कमांडचं आणि टेलिफोनचं जुनं नातं आहे. त्या ज्या यंत्रणेतून आल्या ती युनिक्स जन्माला आली १९६९ साली बेल लॅब्जमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत. एका प्रोग्रॅमचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात देणारी ती उभी रेघ डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये आणली. 'ग्रेप'ही थॉम्पसन यांचीच. बेरजा-वजाबाक्या करणारी 'ऑक' १९७७ ची, तिथलीच. आणि याच घराण्यातून वेगळ्या काढलेल्या प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांना मात्र ग्राहकांना व्हॉइसमेल द्यायला न्यायालयाची बंदी होती. न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन यांनी ती १९८८ साली उठवली. निरोपांची वर्गवारी करायची हत्यारं घरात तयार, निरोप घ्यायची परवानगी नाही, असा तो मामला.

निरोप बघणं सोपं, पुसणं जोखमीचं. सराईत अ‍ॅडमिनसुद्धा इथे हात आखडता घेतो. नुसती आवाजाची फाइल उडवली तर चिठ्ठी मागे राहते; यंत्रणा निरोप मोजते चिठ्ठीवरून, त्यामुळे निरोप आहे असं ती सांगते आणि वाजवायला काही नसतं. दोन्ही उडवल्या तर क्रमात भोक पडतं. अ‍ॅस्टरिस्कच्या जुन्या आवृत्त्या ००००पासून मोजत जायच्या आणि पहिलं भोक लागलं की थांबायच्या: ०००३ काढला तर ०००४ पासूनचे सगळे निरोप डिस्कवर शाबूत असूनही पेटीतून गायब. नंतरच्या आवृत्त्या भोक ओळखतात आणि क्रमांक नव्याने लावतात. फोनवरचा लाल दिवा हे आणखी एक त्रांगडं. दिव्याला फोनवरून झालेले बदलच कळतात. टर्मिनलवरून पेटी रिकामी केली तरी तो जळत राहतो आणि डेस्कवरची बाई पुन्हापुन्हा रिकामी पेटी उघडून वैतागते. पेट्या ठरावीक वेळाने तपासत जा, असं सेटिंग यंत्रणेत मुद्दाम चालू करावं लागतं.

तीस दिवसांपेक्षा जुने निरोप काढायला 'फाइंड' ही कमांड हाताशी असते, पण ती पाहते फाइलीवरची तारीख. सर्व्हर बदलताना फायली नकलून आणल्या आणि तारखा जपल्या नाहीत, तर दोन वर्षांपूर्वीचा निरोपही आजचाच दिसतो. म्हणून जुनेपणा चिठ्ठीतल्या आकड्यावरून ठरवावा, आणि पहिल्या खेपेला पुसण्याऐवजी फक्त यादी छापून बघावी. माझ्या मते ही दुसरी गोष्ट नियम म्हणून भिंतीवर लावण्यासारखी आहे.

आपोआप पुसण्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकाची माणसं इतरांच्या व्हॉइसमेलमध्ये शिरून निरोप ऐकत असत. त्यासाठी फार अक्कल लागत नव्हती. बरेच लोक कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन बदलतच नसत. २००२ साली बेपत्ता झालेल्या एका शाळकरी मुलीची पेटीही अशीच उघडली गेली, हे २०११ च्या जुलैत 'गार्डियन'ने छापलं. सोबत असंही छापलं, की पेटी भरल्यावर या लोकांनी काही निरोप पुसले आणि जागा झालेली पाहून मुलगी जिवंत असल्याची आशा घरच्यांना वाटली. संताप एवढा उसळला की १६८ वर्षांचं ते साप्ताहिक त्याच महिन्यात बंद झालं. डिसेंबरात, या प्रकरणानंतर नेमलेल्या लेव्हसन चौकशीसमोर पोलिसांच्या बाजूने वेगळीच माहिती आली: ऐकलेला निरोप ७२ तासांनी आपोआप पुसला जाईल अशी त्या पेटीची रचना होती. ते निरोप बातमीदारांनी पुसले नसण्याची शक्यता जास्त, असं दिसू लागलं आणि 'गार्डियन'ने दुरुस्ती छापली. नेमकं काय झालं याबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं पोलिसांनी पुढच्या वर्षी सांगितलं. पेटी चोरून ऐकली गेली हे खरंच होतं. पण निरोप कुणी पुसला, माणसाने की यंत्राने, आणि केव्हा, हे सांगणाऱ्या नोंदी नऊ वर्षांनी पुरेशा उरल्या नव्हत्या.

अ‍ॅस्टरिस्कमध्येही ही बाजू लंगडी आहे. पेट्यांचे पिन नेहमीच्या मांडणीत एका साध्या मजकुराच्या फाइलीत, न लपवता, पेटीच्या क्रमांकापुढे लिहिलेले असतात. ती फाइल वाचायची मुभा ज्याला, त्याच्या हाती सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या. आणि खरं तर त्याला पिनची गरजही नसते. आवाजाची फाइल उचलून ऐकली की झालं, दिवा तसाच जळत राहतो आणि पेटीच्या मालकाला पत्ताही लागत नाही. टर्मिनलवरची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्या हालचालींची नोंद वेगळ्या सर्व्हरवर ठेवणं, एवढाच याला उपाय, आणि छोट्या कार्यालयांत तो कुणी करत नाही.

एवढं सगळं होऊनही आत काय बोललं आहे, हे परवा-परवापर्यंत कमांड लाइनला कळत नव्हतं. २०२२ च्या सप्टेंबरात ओपनएआयने 'व्हिस्पर' हे बोलण्याचा मजकूर करणारं मॉडेल खुलं केलं. तेही टर्मिनलवरून चालतं. डब्ल्यूएव्ही द्या, शेजारी मजकूर तयार. म्हणजे चिठ्ठीला आणखी एक चिठ्ठी. त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. पण टेलिफोनचा आवाज त्याला कच्चा पडतो. सेकंदाला ८,००० मापं घेतली की ४,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि 'स'चा सळसळाट बराचसा त्याच्या वरच असतो; व्हिस्पर शिकलं आहे १६,००० मापांच्या आवाजावर. त्यात 'सात' आणि 'साठ' यांतला सगळा फरक शेवटच्या व्यंजनाच्या क्षणभरात. निरोपात सांगितलेला फोन नंबर यंत्राने लिहिला असेल, तर तो चिठ्ठीतल्या कॉलरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय डायल करू नये. शिवाय निरोपाच्या शेवटी कुणी काही न बोलता लाइन धरून राहिलं, तर त्या शांततेतही हे मॉडेल कधीकधी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. त्यामुळे शांततेचे तुकडे 'सॉक्स' या कमांडने आधी कापून टाकलेले बरे.

ज्या भाषा त्या यादीतच नाहीत, त्यांचं काम जुन्याच पद्धतीने चालतं. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वरात लोक मिस्ड कॉल देत, यंत्रणा उलटा फोन करी आणि ते आपली तक्रार किंवा बातमी गोंडीत, हिंदीत बोलून ठेवत. आपल्या गडचिरोलीतही बोलली जाणारी गोंडी व्हिस्परला येत नाही. तिथे नंबर, वेळ आणि लांबी यंत्र लावून देई; निरोप ऐकून, पडताळून त्याचा गोषवारा लिहायला मात्र गोंडी जाणणारा माणूसच बसवावा लागे.