गॅरेजमध्ये उस्ताद आहे, अभ्यासात का नाही?

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातील एखाद्या गॅरेजमध्ये डोकावून पाहा. नवशिका पोरगा पाना हातात घेऊन उभा असतो आणि शेजारी त्याचा उस्ताद असतो. उस्ताद त्याला इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवतो, चुकला तर रागावतो आणि संध्याकाळी चहाही पाजतो. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, पैसे कधी मागावेत, उधारी कोणाला द्यावी, हेही पोरगा त्याच्याकडूनच शिकतो. चार-पाच वर्षांत तो स्वतःचे दुकान टाकतो. शिलाईकाम, गवंडीकाम, वेल्डिंग, सगळीकडे हीच रीत आहे. उस्ताद-शागिर्दाचे हे नाते आपल्या समाजात आजही जिवंत आहे.

मात्र तोच मुलगा किंवा त्याची बहीण दहावी पास होऊन पुढच्या शिक्षणाला निघाली, की ती एकटी पडते. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे शिक्षक हे दरवर्षी पाहतो. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला जाते आणि पुस्तके एकदम इंग्रजीत येतात. घरात कॉलेज पाहिलेले कोणी नसते. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की ती स्वतःलाच बुद्धू समजू लागते. ‘हे सगळ्यांनाच होते, सहा महिन्यांत सुरळीत होईल,’ असे सांगणारी एकही व्यक्ती तिच्या ओळखीत नसते. मग घरी बसणे सोपे वाटते.

बापाशी बोलणारा माणूस

इतिहासातले एक उदाहरण पाहू. जोतीराव फुले लहान असताना त्यांची शाळा सुटली होती आणि ते वडिलांच्या मळ्यात काम करू लागले होते. शेजारी राहणारे फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि ख्रिस्ती गृहस्थ लिजिट साहेब यांनी या मुलाची हुशारी हेरली. त्यांनी वडील गोविंदरावांची समजूत घातली. 1841 मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. मधल्या सात वर्षांचा पाया एका शेजाऱ्याने घातला होता.

आपल्या काळातले उदाहरण अन्सार शेख यांचे. जालना जिल्ह्यातील रिक्षाचालकाचा हा मुलगा. मुलाची शाळा बंद करावी असे वडिलांच्या मनात आले, तेव्हा शिक्षकांनी त्यांना ‘मुलगा हुशार आहे, शिकू द्या’ असे समजावले, हे अन्सार शेख यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. 2015 च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ते पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या 21 व्या वर्षी, 361 व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

आणि आपल्या शेजारच्या यवतमाळच्या अदीबा अनम. वडील रिक्षाचालक. प्रशासकीय सेवेची ओळख त्यांना मामांनी करून दिली. पुढे मुंबईच्या हज हाऊसमधील आणि दिल्लीच्या जामिया मिल्लियातील निवासी प्रशिक्षण केंद्रांचा आधार मिळाला. सुरुवातीच्या प्रयत्नांत अपयश आले, तरी त्या थांबल्या नाहीत. एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्यांचा 142 वा क्रमांक आला.

तिन्ही ठिकाणी हुशारी आणि मेहनत मुलांचीच होती. पण ती हुशारी वेळेवर ओळखणारे आणि घरच्यांना धीर देणारे एक मोठे माणूस जवळ होते. मार्गदर्शनाची सुरुवात अनेकदा मुलापासून होत नाही, ती त्याच्या अब्बूंशी आणि अम्मीशी बोलण्यापासून होते.

ही तर आपलीच रीत

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा हजरत जैद बिन साबित (रजि.) जेमतेम अकरा वर्षांचे होते. या मुलाची स्मरणशक्ती पाहून प्रेषितांनी (स.) त्यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले आणि पुढे पत्रव्यवहाराचे काम सोपवले. नुसती शाबासकी दिली नाही, गुण पाहून जबाबदारी दिली. याच जैद (रजि.) यांच्यावर पुढे हजरत अबू बकर (रजि.) यांनी कुरआनच्या संकलनाचे काम सोपवले. मार्गदर्शन म्हणजे काय, हे यातून आपण शिकावे.

काय करता येईल?

1998 मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात वाशीमचे नाव आहे, म्हणजे आपण मागे आहोत हे सरकारदरबारीही नोंदलेले आहे. बरीच मुले शिकवणीसाठी अकोला, अमरावती, नांदेड किंवा लातूर गाठतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी गावातलाच जाणता माणूस हवा. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, परिचारिका, तलाठी, ईदच्या सुट्टीत घरी आलेला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, यांपैकी कोणीही हे काम करू शकते.

एक मूल निवडा आणि दहावीपासून बारावीपर्यंत महिन्यातून एकदा तासभर त्याच्यासोबत बसा. एवढे पुरे आहे. पहिली काही महिने फक्त ऐका. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, घरी किती ओढाताण आहे, ते समजून घ्या. विज्ञान झेपत नसेल तर आयटीआय, पॉलिटेक्निक, डी.एल.एड. असे रस्ते दाखवा. डॉक्टर-इंजिनीअर व्हायचे स्वप्न आपले असेल, तर ते त्याच्यावर लादू नका.

कागदपत्रांकडे लक्ष द्या. आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात, पण जात पडताळणीचा अर्ज बारावीतच करायचा असतो, हे घरी माहीत नसते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज, ही माहिती वेळेवर मिळाली तर वर्ष वाचते. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, एवढ्यावरून प्रवेश अडतात.

मुलींसाठी शिकलेल्या भगिनींनी पुढे यावे. भेट मुलीच्या घरी किंवा शाळेत, आई-वडिलांना सांगून व्हावी. त्यामुळे विश्वास वाढतो आणि आईलाही विचारायला एक आपा मिळते. पैशांची मदत करायची असेल तर ती वेगळी आणि गुपचूप करा. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्यासमोर मूल मोकळे बोलत नाही.

नोकरी लागल्यावरही ही गरज संपत नाही. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे असोत किंवा दवाखान्यातील नव्या परिचारिकेची पहिली रात्रपाळी, जवळ एखादा अनुभवी सहकारी असला की काम लवकर हाती बसते. आणि शिकवणाराही रिकाम्या हाताने परत जात नाही. मुलांचे प्रश्न सोडवताना आम्हा शिक्षकांना नवे अभ्यासक्रम, नव्या परीक्षा, नवे व्यवसाय समजून घ्यावे लागतात.

वाचक बंधू-भगिनींनो, दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. यंदा ज्या घरी मिठाई खायला जाल, तिथे थोडे जास्त बसा. मुलीला विचारा, ‘बेटा, पुढे काय?’ आणि तिच्या वडिलांना सांगा, ‘काळजी करू नका, मी सोबत आहे.’ दोन वर्षे हा शब्द पाळलात, तर तिच्या धाकट्या बहिणींना वाट विचारायला दूर जावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.