गोळीचं आडनाव

शेजारच्या मावशींचा नातू रशियात डॉक्टरकी शिकतो. सुट्टी संपवून तो परत गेला आणि गोळ्यांचं एक पाकीट इथेच विसरला. मावशी ते घेऊन माझ्याकडे आल्या. "पोटात मुरडा आला की घेतो म्हणाला होता. पण आहे तरी काय हे?" आत छोट्या पिवळ्या गोळ्या. पाकिटावर रशियन अक्षरं. पहिलं आपल्याला 'एच' दिसतं, पण रशियन माणूस ते 'न' वाचतो. लावत लावत नाव निघालं: नो-श्पा.

त्यावरून कपाळ काही कळेना. मात्र खाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता, ड्रोटाव्हेरिन, 40 मिलिग्रॅम. आणि हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये 'ड्रोटिन' म्हणून मिळतं!

ब्रँडचं नाव हे सासरचं नाव. औषध ज्या घरी जाईल तिथे नवं. तापावरची आपली क्रोसिन किंवा डोलो फ्रान्समध्ये डोलीप्रान होते, इटलीत टाकीपिरीना, अमेरिकेत टायलेनॉल. आत सगळीकडे पॅरासिटामॉलच. गंमत म्हणजे अमेरिकेत 'पॅरासिटामॉल' म्हटलं तरी अनेकांना उमगत नाही. तिथे ते ॲसिटामिनोफेन. एकाच लांबलचक रासायनिक नावातून, पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फेनॉलमधून, दोघांनी आपापल्या सोयीचे तुकडे उचलले आणि जोडले, इतकंच.

असा गोंधळ जगभर होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1950 साली मूळ औषधांना सामाईक नावं द्यायचं ठरवलं. ही नावं कुणा कंपनीच्या मालकीची नसतात. शिवाय त्यांना शेपूट असतं. चिपळूणकर म्हटलं की गाव कळतं, तसं शेवटी 'ओलॉल' आलं की हृदयाचे ठोके आवरणारं कुळ: ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. 'सार्टन' रक्तदाबवाले, 'प्राझोल' पोटातलं आम्ल कमी करणारे. औषध कधी ऐकलेलं नसलं तरी ते कुठल्या घरातलं, हे शेपटावरून ओळखू येतं. मला तर हे पहिल्यांदा समजलं तेव्हा घरातला औषधांचा डबा पालथा घालून सगळ्यांची आडनावं वाचत बसलो होतो.

याची उलट बाजू मात्र अंगावर काटा आणणारी. नाव एकच आणि औषधं भलतीच. अमेरिकेतलं डिलाकॉर म्हणजे रक्तदाबावरचं डिल्टियाझेम होतं. सर्बियातलं डिलाकॉर म्हणजे डिजॉक्सिन. तेही हृदयाचंच औषध, पण मात्रा जरा चुकली तर जिवावर बेतणारं. एका अमेरिकन रुग्णाने सर्बियात आपलं 'नेहमीचं' औषध घेतलं आणि डिजॉक्सिनच्या विषबाधेने तो थेट इस्पितळात पोचला. 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा जुळ्या नावांबद्दल प्रवाशांना जाहीर इशारा दिला. त्यात फ्लोमॅक्सही होतं: अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावर, इटलीत सूज आणि दुखण्यावर. दुकानदाराची यात चूक नाही. त्याने मागितलं तेच दिलं.

मावशींना एवढ्या लांबच्या सर्बियाशी कर्तव्य नव्हतं. "मग या गोळीचं आडनाव काय?" त्यांनी विचारलं.

'व्हेरिन'. पोटातले पेटके सोडवणारं घराणं. मूळ पुरुष पापाव्हेरिन. 1848 साली गेओर्ग मेर्क या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो अफूतून वेगळा काढला. पापाव्हर हे अफूच्या झाडाचं लॅटिन नाव. पुढे त्याच धर्तीवर हंगेरीत प्रयोगशाळेत ड्रोटाव्हेरिन घडवलं गेलं.

"अफू म्हणजे खसखशीचंच झाड ना?"

"तेच."

मावशींनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे अनारशावर लावते ती माझी खसखस या गोळीच्या माहेरची," म्हणाल्या आणि पाकीट नातवासाठी कपाटात ठेवायला घेऊन गेल्या.