वाय-फायची रेंज फुल, तरी नेट का रखडतं?

भंडारा : सेवा केंद्रात सातबारा काढायला गेलात, मोबाइलवर वाय-फायची रेंज फुल दिसते आणि पान मात्र नुसतं गरगर फिरतंय. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत हा अनुभव कुणालाही नवा नाही. केंद्रचालक म्हणतो, ‘वरूनच स्लो आहे.’ इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणतो, ‘आमची लाइन ठीक आहे, राउटर बदला.’ यातलं खरं कोण, हे ठरवायला हातात धरून फिरता येणारं एक यंत्र असतं : वाय-फाय टेस्टर.

मोबाइलवरची रेंज फक्त एवढंच सांगते की राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठ्यानं पोहोचतोय. आजूबाजूला किती कल्ला आहे, ते ती सांगत नाही. टेस्टर दोन्ही मोजतो. सिग्नल डीबीएम या एककात उणे आकड्यात दिसतो. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो आणि उणे 80 च्या खाली गेलं की काम अडतं.

कल्ल्याचं कारण बहुधा चॅनेल असतं. 2.4 गिगाहर्ट्झवर आपल्याकडे 13 चॅनेल आहेत. पण एकमेकांवर न चढणारे एका वेळी तीनच, साधारणपणे 1, 6 आणि 11. बाजारपेठेत एका ओळीतल्या डझनभर दुकानांचे राउटर एकाच चॅनेलवर असतील, तर प्रत्येकाला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. त्यात हॉटेलातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात लुडबुड करतो. चॅनेल किती टक्के वेळ गुंतलेला आहे, हे टेस्टर दाखवतो. 5 गिगाहर्ट्झवर जागा भरपूर; पण जाड भिंत आली की तो लवकर थकतो. राइस मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर दोन्हींची पंचाईत, कारण पत्रा सिग्नल परतवून लावतो. तिथे महागडा प्लॅन घेऊन उपयोग नाही, राउटरची जागा बदलायला हवी.

मग भांडणाचा निकाल कसा लागतो? टेस्टर आधी राउटरला हाक मारतो, नंतर बाहेरच्या सर्व्हरला. राउटरच उशिरा उत्तर देत असेल तर दोष वाय-फायचा. राउटर लगेच बोलतो आणि बाहेरून उत्तर येत नाही, तर लाइन तपासा. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली असेल तर दहा राउटर बदलूनही फरक पडणार नाही.

वेगाइतकीच सुरक्षेची तपासणीही या यंत्राचं काम आहे. कोणतं नेटवर्क पासवर्डशिवाय उघडं आहे, कोणतं जुन्या डब्ल्यूईपी कुलपावर आहे (ते 2001 मध्येच फोडलं गेलं), कार्यालयात न विचारता कुणी राउटर लावलाय का, हे यादीत दिसतं. एका दिशेची अँटेना जोडून चालत गेलं की आकडा वाढत जातो आणि नेमकं टेबल सापडतं.

हे फाजील वाटत असेल तर 2008 आठवा. 26 जुलैला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल आला. तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठवलेला निघाला. घरातल्या परदेशी भाडेकरूला चौकशीला सामोरं जावं लागलं. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधत फिरण्याची मोहीमच जाहीर केली.

व्यावसायिक टेस्टर लाखाच्या घरात जातो, तो विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझरसारखं मोफत अ‍ॅप शेजाऱ्यांचे चॅनेल दाखवतं. मायक्रोवेव्हची लुडबुड मात्र त्याला दिसत नाही. तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडून वेग पाहा. केबलवर बरा आणि वाय-फायवर मंद, तर चॅनेल किंवा जागा बदला. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा आणि राउटरसोबत आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड तेवढा बदला. ग्राहकांना वाय-फाय द्यायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, बिलिंगचा संगणक त्यावर नको.